तापाची नोंद करा, गाव वाचवा



सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली, तर नुकसानभरपाईच्या वेळी काय अडचण येते, हे आपणांस सांगायला नको. तापाचंही तसंच आहे. घरात डेंग्यू झाला पण कागदावर आला नाही, तर सरकारी हिशेबी गाव निरोगीच!

ही नोंद गळते कुठं? चाकण-पिंपरी पट्ट्यात मुख्यतः तीन ठिकाणी.

१) तपासणी : खाजगी दवाखान्यात बहुधा पट्टीवरची झटपट तपासणी होते. सरकारी हिशेबात तो रुग्ण ‘संशयित’च राहतो. एलायझा तपासणीत निघाला, तरच ‘निश्चित’ धरतात.

२) पत्ता : आपल्या खोल्यांत राहणारा कामगार मूळ गावचा पत्ता सांगतो, नाहीतर ताप येताच गावी निघून जातो. डास मात्र इथंच राहतो.

३) हद्द : पिंपरी-चिंचवडचा हिशेब महापालिकेकडं, खेड्यांचा जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याकडं. खराबवाडीचा रुग्ण पिंपरीत दाखल झाला आणि पत्ता अर्धवट लिहिला, तर गावाला खबरच लागत नाही.

आता म्हणाल, आकड्यानं काय होतं? नोंद झाली की आरोग्यसेवक आसपासची घरं तपासतात, अळ्या शोधतात, गरज पडल्यास धूरफवारणी होते. नोंद नसेल, तर पुढचा आजारी शेजारच्या घरातला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. रुग्णालयांनी रुग्ण कळवले, तेव्हा त्यांतले बरेच नांदेड, किरकटवाडी या सिंहगड रस्त्याच्या भागातले दिसले. म्हणून तिथल्या पाण्याकडं लक्ष गेलं आणि पाण्याची तपासणी सुरू झाली. पत्त्यानं वाट दाखवली, बरं का!

तेव्हा एवढं करा :

• ताप दोन दिवसांवर गेला, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात कळवा.
• दवाखान्यात सध्या राहता तोच पत्ता वाडी-वस्तीसह लिहायला सांगा.
• झटपट तपासणीत डेंग्यू निघाला, तर एलायझासाठी रक्त पाठवायला सरकारी दवाखान्यात सांगा. कागद जपून ठेवा.
• खोल्यांच्या मालकांनी भाडेकरूचा ताप लपवू नये. त्याच टाकीचं पाणी आपल्याही घरात येतं.
• आठवड्यातून एक दिवस टाक्या, रांजण, हौद घासून कोरडे करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

ग्रामसभेत तापाचे आकडे विचारा. आपल्या आळीतले आजारी त्यात आले का, तेही पडताळून पाहा. ताप लपवल्यानं गावाची अब्रू राहत नाही, उलट साथ वाढते.