घरातला एकच फोन

पुंडलिकनगरात पत्ता सांगायचा तर गल्लीचा क्रमांक सांगावा लागतो. गारखेडा, हनुमाननगर, जयभवानीनगर यांच्या लगत वाढलेली ही वस्ती. गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर बांधलेली घरं, भिंतीला भिंत, दारासमोर दुचाकी लावली की चालायला उरेल तेवढीच जागा. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, दुकानात उभं राहून दिवस काढणारी, मराठवाड्यातल्या गावांतून येऊन इथे हळूहळू पक्की झालेली कुटुंबं अशा वस्त्यांत राहतात. पोरांचा वावर घराबाहेर: चौकात, टपरीवर, मंडळाच्या ओट्यावर. पोरींचा वावर शाळा-शिकवणीच्या वाटेपुरता.

पुंडलिकनगर ज्या शहरात आहे त्याचं 2020 साली सरकारी नाव औरंगाबाद होतं. 15 मार्चला इथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. 24 तारखेच्या रात्री देश बंद झाल्याची घोषणा आली. मे महिन्यात रुग्णांच्या रोजच्या यादीत पुंडलिकनगरचं नाव पुन्हापुन्हा दिसू लागलं. गल्ल्यांच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले. 10 ते 18 जुलै या दिवसांत तर सगळं शहरच पुन्हा कडेकोट बंद झालं. रेशन, औषधं, पगार यांच्या काळजीत आणखी एक काम थांबलं, त्याची बातमी झाली नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींना एकत्र बसवून स्त्री-पुरुष समतेबद्दल नेमाने बोलणारे गट महाराष्ट्रातल्या अशा वस्त्यांतून, शाळा-कॉलेजांतून चालत होते. त्यांचं सतरंजीवर बसणं बंद झालं.

हे काम मुळात बसण्याचंच आहे. महाराष्ट्रात त्याची वाट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मळू लागली. 1991 साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांना पुढे यायला सांगितलं. 205 पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून 1993 मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी तिच्या संस्थापकांपैकी एक. 1996 पासून तिचा ‘पुरुष स्पंदन’ हा दिवाळी अंक निघू लागला आणि 2006 मध्ये पुण्यातल्या कॉलेज तरुणांसोबत ‘युवा मैत्री’ सुरू झाली. त्याच सुमारास ब्राझीलमधल्या अनुभवाचा आधार घेऊन ‘कोरो’ आणि ‘पॉप्युलेशन कौन्सिल’ या संस्थांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांसाठी ‘यारी दोस्ती’चे खेळ बसवले. पुढे 2008 पासून मुंबई महापालिकेच्या 45 शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर हेच विषय वर्गात आले.

या सगळ्यांची रीत थोड्याफार फरकाने एकच. व्याख्यान द्यायचं नाही. खोलीच्या दोन कोपऱ्यांत ‘सहमत’ आणि ‘असहमत’ अशा पाट्या लावायच्या, एक वाक्य वाचायचं, मुलांनी चालत जाऊन आपापल्या कोपऱ्यात उभं राहायचं. मग समोरच्या कोपऱ्यातल्याला आपलं म्हणणं पटवायचं. पथनाट्य मधेच थांबवून प्रेक्षकांतल्या एखाद्याला विचारायचं, आता तू काय केलं असतंस? मुलाने ‘मी तिच्या मागे जाणं थांबवलं असतं’ असं चारचौघांत म्हणणं आणि बाकीच्यांनी ते न हसता ऐकणं, यासाठी ही सारी मांडामांड. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भर रस्त्यात पेटवलं, आठवडाभराने ती गेली. नकार ऐकून घ्यायला मुलांना कोण शिकवतं, हा प्रश्न तेव्हा राज्यभर विचारला जात होता. महिनाभरात तो विचारायला जागाच उरली नाही.

मग सगळे फोनकडे वळले. तिथेच पहिली ठेच लागली, कारण फोन कुणाचा हा प्रश्नही समतेचाच होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात महासाथीच्या आधी, 2019 मध्ये झाली. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया राज्यात 38 टक्के होत्या, पुरुष साडेएकसष्ट टक्के. हा सरासरीचा आकडा पुंडलिकनगरसारख्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात नेला की चित्र स्पष्ट होतं. इंटरनेट चालेल असा फोन घरात एक. तो वडिलांच्या खिशात. वडील कामावर जायला लागले की फोन गेला. घरी असला तरी आधी दादाचा ऑनलाइन तास, मग धाकट्याचा, आणि भांडी आवरून झाल्यावर वेळ उरला तर ताईचा. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हटलं, जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, तिने निदान टीव्हीपुढे बसलेल्या लहान मुलांची सोय झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मनातले प्रश्न मात्र टीव्हीला विचारता येत नाहीत.

झूमवर सत्र घ्यायचं म्हटलं तर फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटं मिळतात. दीड तासाचा खेळ तेवढ्यात बसवणं जमेलही, पण कॅमेऱ्यामागे घर असतं. मुलगी फोनसमोर बसली आहे, मागे आजी पोळ्या लाटते आहे, बाजूला वडील पेपर वाचत आहेत. अशा वेळी ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ असं विचारलं तर उत्तर काय येणार? ते खरं उत्तर नव्हे, आणि खरं आलं तर फोन बंद झाल्यावर त्याची किंमत तिलाच मोजायची. म्हणून जाणत्या गटांनी व्हिडिओचा हट्ट सोडला. साध्या फोनवरची कॉन्फरन्स बरी पडते, तिला नेट लागत नाही. चार-पाच जणी जोडल्या जातात, गट चालवणारी ताई बोलते, मुलींनी ‘हो’, ‘नाही’ किंवा नुसता आकडा सांगायचा. एक म्हणजे पटलं, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे आत्ता बोलता येत नाही. पलीकडे बसलेल्याला त्यातून काही उमगत नाही. खोलीतल्या त्या दोन पाट्या अशा आकड्यांत शिरल्या.

व्हॉट्सॲपचा गट करणं सगळ्यांत सोपं, आणि मुलींच्या बाबतीत सगळ्यांत घातक. मुलामुलींचा एकच गट केला की प्रत्येक मुलीचा नंबर प्रत्येक मुलाच्या हाती पडतो. पाठलागाविरुद्ध बोलणाऱ्या कामाने पाठलागाचीच सोय करून द्यायची, हे चालण्यासारखं नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी: निरोप प्रत्येकीला स्वतंत्र जातो, दुसरीचा नंबर दिसत नाही. अट एवढीच की समोरच्या फोनमध्ये पाठवणारीचा नंबर जतन केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. त्यामुळे आधी घरी फोन करायचा, आईशी बोलायचं, नंबर जतन करून घ्यायचा, त्या निमित्ताने चौकशी करायची. या कामात आई आधी नव्हती. तिला न सांगता मुलीशी बोलणं आता शक्य राहिलं नाही, आणि हा बदल कामाच्या फायद्याचा ठरणारा होता.

वेळ ठरवायची तर नळाकडे पाहून. जायकवाडीचं धरण जवळ असूनही तेव्हा या शहरात पाणी रोज येत नव्हतं, काही दिवसांआड येत असे. नव्या 1680 कोटींच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन महासाथीतच, डिसेंबर 2020 मध्ये झालं. पण घरातली पिंपं, टाक्या, कळश्या भरायच्या त्या ज्या दिवशी नळ येईल त्याच दिवशी, आणि ते काम बायका-मुलींचं. पाण्याच्या दिवशी मुलींचं सत्र ठेवणं म्हणजे त्यांना न बोलावण्यासारखंच.

हे लक्षात आलं की पुढचा खेळ आपोआप सुचतो. ‘चोवीस तासांचं घड्याळ’ हा या क्षेत्रातला जुना खेळ आहे. कागदावर दोन वर्तुळं काढायची, एकात बाईचा दिवस भरायचा, दुसऱ्यात पुरुषाचा. वर्गात मुलं तो आठवणीतून भरत आणि आईच्या कामांतली निम्मी विसरत. टाळेबंदीत मुलगा दिवसभर घरातच. मग त्याला सांगायचं, आठवायचं नाही, बघायचं. सकाळी पहिलं कोण उठलं? पाणी कुणी भरलं? आज सगळे घरी म्हणून किती वेळा चहा झाला, आणि कप कुणी विसळले? दुपारी कोण आडवं झालं, कोण नाही? लिहून त्याचा फोटो पाठवायचा किंवा आवाजात सांगायचं. सप्टेंबर 2020 अखेरीस केंद्र सरकारची वेळवापर पाहणी प्रसिद्ध झाली. ती 2019 मधली. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, तर भाग घेणारे पुरुष 97 मिनिटं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच सुमारे 26 टक्के, स्त्रिया 81 टक्क्यांच्या वर. देशाने हजारो घरांत जाऊन जे मोजलं, ते एखादा अकरावीतला मुलगा आपल्या ओट्याशेजारी बसून वहीच्या पानावर मोजू शकतो. असा कागद मुलाला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त हलवतो, कारण त्यावर त्याच्या आईचा दिवस असतो.

मोजून भागत नाही, पुढे काहीतरी करायचं असतं. एक काम आठवडाभर पूर्ण आपलं म्हणून घ्यायचं: सांगावं लागणार नाही, शाबासकी मागायची नाही. पिंपं भरणं हे काम मुलांना बरं जमतं, त्यात अंगमेहनत आहे. खरी कसोटी संडास-मोरी धुण्याची आणि गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असे दोरीवर कपडे वाळत घालण्याची. घरात झाडू मारणारा मुलगा गच्चीवर कपडे पिळायला कचरतो, कारण समोरच्या गच्चीवर त्याचा मित्र उभा असतो. म्हणून हे एकट्याला सांगायचं नसतं, मित्रांच्या टोळीला एकदम सांगायचं असतं. चौकातला कट्टा बंद झाला तरी मित्रांचा धाक संपत नाही, तो गच्चीवर चढतो. तो ओळखून त्याच टोळीला कामाला लावणं, यात या कामाची सगळी हुशारी आहे.

मुलांशी बोलायला विषय त्यांच्या फोनमध्येच होते. मे महिन्यात दिल्लीच्या शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा गट उघडकीला आला, त्यात वर्गातल्या मुलींचे फोटो टाकून काय काय बोललं जात होतं ते साऱ्या देशाने वाचलं. त्याच महिन्यात टिकटॉकवर मुलीवर ॲसिड टाकल्याचं सुचवणारा व्हिडिओ गाजला, राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रार केली आणि तो काढावा लागला. पुढे 29 जूनला टिकटॉकच बंद झालं. ‘तुझ्या फोनवर असं आलं तर तू काय करतोस? पुढे पाठवतोस, हसतोस, की गटातून बाहेर पडतोस?’ हा प्रश्न मुलग्यांना नीट कळतो. त्यांना आणखीही बोलायचं असतं. कारखाना बंद, वडील घरात बसून चिडलेले, आपण कमावत नाही याची टोचणी. मुलग्याने घाबरलोय म्हणायचं नसतं, असं त्याला घरादाराने शिकवलेलं. ते फोनवर, चेहरा दिसत नसताना, कधीकधी सहज बाहेर पडतं.

घरातल्या मारहाणीचा भाग सगळ्यांत अवघड. 25 मार्च ते 31 मे या टाळेबंदीच्या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसेच्या 1477 तक्रारी आल्या. आयोगाने 10 एप्रिलपासून व्हॉट्सॲपवर तक्रार घेण्याची सोय केली होती. महाराष्ट्रात ‘अक्षरा’ संस्थेच्या पुढाकाराने नामवंत कलाकार आणि क्रिकेटपटूंचा व्हिडिओ आला, 100 नंबर फिरवा म्हणून. पुणे जिल्हा परिषदेने तर बायकोला मारणाऱ्याला उचलून विलगीकरण केंद्रात ठेवण्याचा इशारा दिला. हे सगळं गरजेचं होतं. पण तरुणांच्या गटाचं काम वेगळं आहे आणि त्याने आपली सीमा ओळखावी. सामायिक फोनवर मारहाणीचा मजकूर पाठवायचा नाही. तो मारणाऱ्याच्याच हातात पडू शकतो. 1098, 112, 181 हे मदतीचे नंबर आरोग्याच्या माहितीत, सॅनिटरी पॅड कुठे मिळतील या निरोपात मिसळून द्यायचे. मुलीने ‘तीन’ हा आकडा सांगितला तर तिला वेळ विचारायची, कारण नाही. आणि काही समजलंच तर स्वतः समुपदेशक व्हायचं नाही. पोलिसांतल्या महिला साहाय्य कक्षापर्यंत किंवा स्त्रिया आणि मुलांसाठीच्या ‘विशेष कक्षा’पर्यंत तिचा धागा नेऊन द्यायचा.

15 सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी सुरू झाली. आशाताई ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागल्या, सोबत स्वयंसेवक. घरोघरी जाण्याचा रस्ता तिथून पुन्हा उघडला. गच्चीवर मास्क लावून सहा-सात जणांचं अंतर ठेवून बसणं जमू लागलं. लहान गट, कमी वेळ, दाराशी उभी राहून ऐकणारी आई: महासाथीने लादलेल्या या तीन गोष्टी नंतरही सोडू नयेत इतक्या कामाच्या आहेत.

23 नोव्हेंबरपासून राज्याने नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी दिली, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर सोपवून. वर्ग भरू लागले की गटाच्या यादीतली नावं आणि समोर बसलेल्या मुली जुळवायच्या. कुणी न दिसली तर ती कुठे आहे, हा पहिला प्रश्न. टाळेबंदीत अनेक कुटुंबं गावी गेली होती, पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा होती, आणि मराठवाड्यात बालविवाह हे किरकोळ दुखणं नाही: त्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्या परभणी जिल्ह्यात 48 टक्के होत्या, बीडमध्ये सुमारे 44. मुलगी शहरातून गावी गेलेली असेल तर 2006च्या कायद्याखाली तिथला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तेव्हा ग्रामसेवक. त्याचा नंबर पंचायत समितीतून मिळवायचा, 1098ला कळवायचं, आणि मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीला विचारायचं, तिचा शेवटचा फोन कधी आला होता आणि तो कुणाच्या नंबरवरून होता.