पाठीवरचे ओझे आणि येऊरची वाट

एके काळी बंदूक घेऊन रानात जाणारे शिकारी असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आली. आता आपण विद्यार्थ्यांना घेऊन रानात जातो ते दुर्बीण आणि वही घेऊन. पाठपिशवी मात्र तेव्हाही लागे, आताही लागते. फरक एवढाच, की शिकाऱ्याची पिशवी परतताना जड होई. आपली हलकी होते, कारण पाणी संपते. म्हणजे आपले सर्वांत जास्त ओझे सुरुवातीच्या चढावरच असते.

खोपटला जमून आम्ही काही मुलांसह येऊरच्या जंगलात गेलो होतो. दोन मुलांच्या पिशव्या प्रत्येकी ५ किलोच्या होत्या. एक मुलगा ताठ चालत होता. दुसरा पुढे वाकून, खांदे चोळत. वजन सारखे, मग त्रास वेगळा का?

पहिले कारण गुरुत्वमध्य. तोल राहण्यासाठी शरीर आणि पिशवी यांचा एकत्रित गुरुत्वमध्य पावलांच्या वर यावा लागतो. मुलाचे वजन ४० किलो धरू. पिशवी पाठीला चिकटलेली, तिचा मध्य शरीराच्या मध्यरेषेपासून २० सें.मी. मागे असेल, तर ढोबळ हिशेबाने शरीराला ५ × २० ÷ ४० = २.५ सें.मी. पुढे झुकावे लागते. पिशवी सैल लोंबून हेच अंतर ३६ सें.मी. झाले, तर ४.५ सें.मी.! म्हणून पाण्याची बाटली पाठीलगत ठेवावी आणि कपड्यांसारख्या हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला.

दुसरे कारण दाब. दोन्ही पट्टे २ सें.मी. रुंद असून प्रत्येकी २० सें.मी. लांबीत खांद्याला टेकत असतील, तर क्षेत्रफळ ८० चौ. सें.मी. होते, दर चौ. सें.मी.वर साधारण ६२ ग्रॅम भार येतो. पट्टे ५ सें.मी. रुंद असतील तर तोच भार २५ ग्रॅम होतो. कमरपट्टा असल्यास बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो.

पिशवी निवडताना म्हणून तिच्या किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: रुंद पट्टे, पाठीच्या लांबीएवढीच उंची आणि कमरपट्टा. पावसाळ्यात आत प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी. भिजलेले कापड ओझे वाढवते.

वर्गात करून पाहा. मुलांना रिकाम्या पाठीने, मग पिशवीसह उभे करा. कानाजवळून ओळंबा सोडा आणि तो घोट्याच्या किती पुढे पडतो ते मोजा. पट्टे आवळून पुन्हा मोजा.

एक गोष्ट मात्र आम्हाला घरी आल्यावर उमगली. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे. ४० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा ४ किलो होते. आमच्या मुलांकडे ५ किलो होते, आणि सामानाची यादी आम्हीच दिली होती! पुढच्या सहलीआधी आम्ही प्रथम यादीच काट्यावर ठेवणार आहोत.