गरिबीने वाचवलेलं शहर! फ्रान्समधलं ‘सार्ला’ आजही मध्ययुगातलं का वाटतं?

पिवळसर दगडांची घरं, अरुंद बोळ, उतरती दगडी छपरं. फ्रान्समधल्या सार्लाचे फोटो पाहून अनेकांना हा सिनेमाचा सेट वाटतो. पण इथे माणसं शेकडो वर्षांपासून राहतात.

सार्ला नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात आहे. एका मठाभोवती वसलेलं हे गाव व्यापारामुळे मोठं झालं. १३१७ मध्ये इथे बिशपचं पीठ आलं. पुढे फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या शतवार्षिक युद्धाने या भागाची वाताहत केली. युद्ध संपल्यावर, साधारण १४५० नंतर, श्रीमंत व्यापारी आणि अधिकाऱ्यांनी नव्याने घरं बांधली. आज दिसणारी अनेक देखणी घरं त्याच काळातली आहेत.

मग ती टिकली कशी?

उत्तर गमतीशीर आहे. नंतर शहराकडे पैसाच उरला नाही! व्यापाराचे मोठे रस्ते दूर राहिले, कारखाने फारसे आले नाहीत. जुनं पाडून नवं बांधायला कुणाला परवडलं नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या वस्तीतून एक सरळ रस्ता काढला गेला, तेवढाच मोठा बदल.

पण गरिबीमुळे डागडुजीही थांबली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक घरं मोडकळीला आली होती.

एका कायद्याने चित्र पालटलं

१९६२ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आणि कादंबरीकार आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. एखाद-दुसरी इमारत जपण्याऐवजी अख्खी जुनी वस्तीच संरक्षित करायची, ही त्यामागची कल्पना. या कायद्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या शहरांमध्ये सार्ला होतं.

गेलात तर काय पाहाल?

- छपरं: ती चुनखडीच्या जाड फरश्यांची आहेत. वजन इतकं, की खाली भक्कम लाकडी सांगाडा लागतो.
- ला बोएसीचं घर: हुकूमशहाची सत्ता लोकांच्या संमतीवरच टिकते, असं मांडणारा एतिएन द ला बोएसी १५३० मध्ये सार्लात जन्मला.
- सेंट मारी चर्च: इथे आता मंडई भरते. वास्तुविशारद जाँ नुवेल यांनी तिला पोलादी दरवाजे दिले. मनोऱ्यातल्या काचेच्या लिफ्टमधून सगळं शहर दिसतं.
- शनिवारचा बाजार: अक्रोड, चीज आणि बदकाचे पदार्थ. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, कारण इथे स्वयंपाकात बदकाची चरबी सर्रास वापरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रचंड गर्दी असते. त्यामुळे मे किंवा सप्टेंबर बरा. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. दिवसभराचे पर्यटक परतले की दिव्यांच्या उजेडात बोळ निवांत होतात.

आता प्रश्न वेगळा आहे

पर्यटनाने घरं वाचवली, पण जुन्या वस्तीतली बरीच घरं आता सुट्टीपुरती भाड्याने दिली जातात. हिवाळ्यात अनेक दुकानांची दारं बंद दिसतात. दगड कायद्याने जपता येतो; पण त्या घरात वर्षभर चूल पेटती ठेवायची, तर तिथे राहणाऱ्यांना ते परवडायला हवं. पुढच्या वेळी एखादं सुंदर जुनं शहर पाहाल, तेव्हा खिडक्यांकडेही बघा. आत कुणी राहतंय का?