सोन्याचा ससाणा

अकीक आमच्या घरात लहानपणापासून ओळखीचा. वडीलधाऱ्यांच्या बोटात चांदीच्या अंगठीत तो असायचा. पुढे इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या दागिन्यांची चित्रे पाहताना तोच लाल अकीक एका सोन्याच्या ससाण्याच्या डोक्यावर सूर्य होऊन बसलेला दिसला. परक्या देशातला तो पक्षी मला एकदम जवळचा वाटला.

छातीवर रुळावे असे हे पदक. पंख दोन्हीकडून वर वळलेले. पंजांत दोन चिन्हे : एक जीवनाचे, दुसरे अनंताचे. यातले पीसन् पीस म्हणजे एकेक कोंदण. सोनाराने पत्र्यावर बारीक पट्ट्या उभ्या डाखून खण पाडले आणि त्यांत मापाचे खडे व रंगीत काच बसवली. त्या काळी इजिप्तमध्ये निळा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदखशानहून येई, फिरोजा सिनाईतून, सोने नुबियातून.

ससाणाच का? तो दिसेनासा होईल इतका उंच जातो. म्हणून तो आकाशाचा देव होरस, आणि माथ्यावर बिंब घेतले की सूर्यदेव. मावळलेला सूर्य उगवतो, तसा राजाही मृत्यूनंतर उठावा, ही आशा.

हा राजा गादीवर बसला तेव्हा आठनऊ वर्षांचा होता. त्याच्या आधी अखेनातेनने जुने देव मोडीत काढले. सूर्याचे ससाण्याचे रूपही त्याने पुढे पुसले. उरले नुसते बिंब. या मुलाच्या कारकिर्दीत देव परतले आणि त्याचे तुतनखातेन हे नावही बदलले. बिंबाला पुन्हा पंख फुटले. मुलगा मात्र एकोणीसच्या सुमारास गेला.

त्याच्या थडग्यात प्राचीन काळीच चोर शिरले होते. फडक्यात बांधलेल्या अंगठ्या ते मागे टाकून गेले. पुढे दगडमातीने दार बुजले, ते हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली सापडले.

जानेवारी २०११ च्या उठावात चोर कैरोच्या संग्रहालयातही घुसले, काही मूर्ती मोडल्या. तेव्हा शहरातली साधी माणसे हातात हात गुंफून इमारतीभोवती उभी राहिली. तुतनखामेनचा खजिना आता गिझाच्या नव्या संग्रहालयात आहे; ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुले झाले. राजाला राखण्यासाठी सोनाराने पक्ष्याला पंख दिले. वेळ आली तेव्हा पक्ष्याला माणसांच्या हातांनी राखले.