घरची बोली



चहा नको असेल, तर घरी तुम्ही आईला काय सांगता? "अम्मी, मेरेकू चाय नक्को," असेच ना? एकदा माझ्या वर्गात एक मुलगा असेच बोलला. मुले हसली. मीही त्याला म्हणालो, "अरे, नीट उर्दू बोल." त्यानंतर कित्येक दिवस तो वर्गात बोललाच नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. ती कशी, ते ऐका.

नांदूरघाटच्या बाजारात कोणी म्हणतो, "मी कालच आलो." आपल्या घरी म्हणतात, "मैं कलइच आया." हा 'च' मराठीतला आहे. 'नक्को' म्हणजे मराठी 'नको'. आपल्या या घरच्या बोलीचे नाव दखनी.

इ. स. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. उत्तरेकडील सैनिक, कारागीर आणि सूफी संत इकडे आले. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. उत्तरेची बोली मराठी, कन्नड व तेलुगू लोकांच्या सहवासात वाढली. तीच ही दखनी. हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीत कविता करीत असे. मुल्ला वजही यांनी १६३५ मध्ये 'सबरस' हा दखनी गद्यग्रंथ लिहिला. वली औरंगाबादी १७०० मध्ये दिल्लीला गेले. तेथे फारसी काव्याला मान होता. वलींच्या गझलांमुळे दिल्लीच्या कवींनाही आपल्या बोलीत लिहिण्याची ओढ लागली. मग दखनीला बिघडलेली उर्दू कसे म्हणावे?

बोलीला हसल्याने काय होते, हे फ्रान्समध्ये दिसले. त्या देशाच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी हा प्रदेश आहे. तेथील ब्रेटन भाषा फ्रेंचहून अगदी वेगळी आहे. पूर्वी शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी बूट किंवा तशीच एखादी वस्तू अडकवीत. ती मुले मोठी झाली. आपल्या लेकरांवर अशी वेळ येऊ नये, म्हणून त्यांतील अनेकजण घरी फ्रेंच बोलू लागले. ब्रेटन बोलणारे कमी होत गेले. शेवटी १९७७ मध्ये काही पालकांनी ब्रेटन माध्यमाची शाळा काढली. अशा शाळांना 'दिवान' म्हणतात. उर्दूत दीवान म्हणजे कवितासंग्रह. ब्रेटनमध्ये दिवान म्हणजे अंकुर फुटणे!

मी त्या मुलाच्या गळ्यात लाकडी बूट अडकवला नव्हता. पण वर्गाचे हसणे त्याला तेवढेच जड झाले असेल.

मुलांनो, परीक्षेत प्रमाण उर्दू आणि प्रमाण मराठी लिहा. पुढील शिक्षणासाठी व नोकरीसाठी दोन्ही आवश्यक आहेत. परंतु घरच्या बोलीची लाज बाळगू नका. तिच्यामुळे मराठीची ओळख तुम्हाला शाळेत येण्याआधीच झाली आहे. आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला एक जुनी म्हण विचारा. ती जशी सांगेल, तशीच वहीत लिहून आणा. उद्या आपण ती वर्गात वाचू. कोणीही हसणार नाही.