सिंहदर्शनाची सफर

'सफर' हा शब्द मराठीला परका नाही. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला; तोच समुद्रमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास, एवढाच. पुढे युरोपीय शिकाऱ्यांनी तो उचलला आणि बंदुका, तंबू व हमालांचे तांडे घेऊन अरण्यात शिरणे म्हणजे सफारी, असा रंग त्याला चढला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही 'पाच मोठी' श्वापदे आज प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत झळकतात. ती यादीही मूळची शिकाऱ्यांचीच आहे. पायी जाऊन मारावयास सर्वांत धोक्याची, म्हणून ही पाच निवडली गेली. बंदुकीच्या जागी आता छायाचित्रयंत्र आले आहे. परंतु ठरल्या वेळेत ठरलेले जनावर पदरात पडलेच पाहिजे, ही शिकाऱ्याची हाव मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली आहे.

सुरतेजवळच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत. यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत त्यांचे आयुष्य जाते आणि सुटी लागली की उधन्याहून निघणाऱ्या ताप्तीकाठच्या लोहमार्गाने ती नवापूर, नंदुरबार, जळगाव या बाजूला गावी जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला वाघ ठाऊक असतो. वाघदेवाला हात जोडल्याशिवाय त्याच्या गावाची शीव ओलांडली जात नाही. सिंह मात्र त्याच्या मुलांनी पाहिलेला असतो तो चित्रवाणीवर, आफ्रिकेच्या पिवळ्या गवतातला. महाराष्ट्रात सिंहगड आहे, नावांत सिंह आहेत, सिंहासनेही आहेत. रानातला सिंह तेवढा नाही. पण ज्या राज्यात हे कुटुंब पोट भरावयास आले, त्याच राज्यात आशियातील रानटी सिंहांचे एकमेव वसतिस्थान आहे, याचा पुष्कळांना विसर पडतो.

याच सुरतेत, वराछा-कतारगामच्या बाजूला, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर राहतात. त्यांतील बहुतेक अमरेली व भावनगर जिल्ह्यांतले. त्यांच्या गावी सिंह पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. उलट तो शेताच्या बांधावर येऊन बसला, की रात्रीच्या पाण्याची पाळी चुकते. २०२५ सालच्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह आढळले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक संरक्षित अरण्याच्या बाहेर होते. १९६८ साली हाच आकडा १७७ होता. सिंह वाढले, अरण्य मात्र तेवढेच राहिले. म्हणूनच सफरीचा विचार करताना गाडीत बसलेल्या प्रवाशाबरोबर या शेतकऱ्याचाही विचार करावा लागतो.

उधन्याहून गीरला जाण्याचे मार्ग दोन. आगगाडीने अहमदाबाद, राजकोटवरून जुनागढ गाठावे आणि तेथून मोटारीने सासणला जावे, हा एक. दुसरा जलमार्ग. हजिरा ते घोघा ही नौकासेवा २०२० साली सुरू झाली. तिने खंभातचे आखात ओलांडले म्हणजे भावनगरची भूमी लागते व जमिनीवरचा मोठा वळसा वाचतो. मुले बरोबर असतील तर हा मार्ग त्यांना अधिक आवडेल.

गीरचे अभयारण्य १९६५ साली जाहीर झाले आणि त्याच्या गाभ्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे १४१२ चौरस किलोमीटर. त्याआधीचा इतिहास जुनागढच्या नबाबांचा आहे. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आला, तेव्हा त्याच्यासाठी सिंहाच्या शिकारीचा बेत आखला होता. सिंह किती थोडे उरले आहेत हे कळल्यावर त्याने शिकार नाकारली आणि उरलेले सिंह राखावेत असा सल्ला दिला. एके काळी इराण-इराकपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरलेला हा प्राणी अखेर या एका संस्थानाच्या आश्रयाने तगला.

प्रत्यक्ष सफरीचे स्वरूप असे. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा प्रवाशांना बंद आहे. गाड्या फिरतात त्या अभयारण्यातील ठरवून दिलेल्या वाटांवर. सकाळी दोन आणि दुपारनंतर एक अशा फेऱ्या निघतात आणि प्रत्येक फेरी सुमारे तीन तासांची असते. उघड्या जिप्सी गाडीत सहा प्रवासी, एक चालक आणि वनखात्याने नेमलेला एक वाटाड्या. परवाना वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी काढावा लागतो. कोणत्या वाटेने जावयाचे ते प्रवासी ठरवीत नाही आणि चालकही ठरवीत नाही. पैसे मोजून चांगली वाट मिळविण्याची सोय ठेवलेली नाही, हे उत्तमच झाले.

गाडी निघाली की सिंह शोधण्याचे काम डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक होते. गीर हे सागाचे, पानगळीचे अरण्य. हिवाळ्यात वाळलेली पाने आणि सिंहाचे अंग यांचा रंग इतका मिळतो, की वीस पावलांवर बसलेला सिंहही प्रथम दिसत नाही. वाटाड्या गाडी थांबवून इंजिन बंद करावयास सांगतो. चितळाची तीक्ष्ण हाक, वानराचे झाडाच्या शेंड्यावरून खेकसणे, मोराचे एकाएकी ओरडणे, या सर्वांची दिशा तो जुळवून पाहतो. वाटेच्या धुळीतील ठसा ताजा आहे की रात्रीचा, हे तो कडांवरून सांगतो. कडा ढासळल्या असतील तर जनावर केव्हाच पुढे गेले. वानरे आणि चितळ यांची येथे मैत्री असते. वानरे वरून पाला टाकतात, तो चितळांना मिळतो. चितळांचे नाक आणि वानरांचे डोळे मिळून दोघांची राखण होते. ही एक गोष्ट शांतपणे पाहिली तरी तीन तास वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

सिंह भेटलाच तर तो बहुधा झोपलेला भेटतो. दिवसाचा मोठा भाग तो विश्रांतीत घालवतो, आणि त्याला उठवावे अशी इच्छा ज्याच्या मनात येते त्याने देवळियाचा मार्ग धरलेला बरा. तेथे कुंपणाने वेढलेल्या क्षेत्रात गाडीतून फिरवून आणतात आणि सिंह दिसण्याची बरीचशी खात्री असते. वृद्ध मंडळींना आणि लहान मुलांना ती सोय योग्यच आहे. आफ्रिकेतील सिंहाशी तुलना करणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. गीरच्या नराची आयाळ तोकडी असते, त्यामुळे कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची एक लोंबती घडी असते. आणि नर व माद्या सहसा वेगवेगळे राहतात. आफ्रिकेप्रमाणे मोठे कुटुंब एका झाडाखाली पहुडलेले येथे क्वचितच आढळते.

आफ्रिकेतील सफर कशी असते, तेही पाहावे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झाले. ते गीरच्या सुमारे चौदापट मोठे. तेथे डांबरी रस्ते आहेत आणि कोणीही आपली स्वतःची मोटार घेऊन फिरू शकतो. मात्र ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरावयाचे नाही, वेगमर्यादा ओलांडावयाची नाही, आणि सूर्यास्ताला दरवाजा बंद होण्यापूर्वी कुंपणातल्या मुक्कामी परतावयाचे, असा सक्त नियम आहे. सशस्त्र वनरक्षकांबरोबर पायी हिंडण्याचीही व्यवस्था आहे. त्या फेरीत सिंहापेक्षा वाळवीची वारुळे, पक्ष्यांची घरटी आणि हत्तीने सोललेली झाडे यांकडेच लक्ष अधिक वेधले जाते. जाणकार प्रवासी ही पायी फेरी सर्वांत मोलाची मानतात. याउलट केनियातील मारा नदीच्या काठी, वाइल्डबीस्ट नावाच्या प्राण्यांचे कळप नदी ओलांडू लागले की गाड्यांची अशी दाटी होते, की कळपांना पाण्यात उतरावयास वाट सापडेनाशी होते. मोकळे मैदान असले म्हणजे दृष्टी लांब जाते खरी. पण गर्दीही तितक्याच लांबून धावत येते.

अशी गर्दी आपल्याकडे होत नाही असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे वाटेवर असता दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना हलावयास जागा उरली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

परंतु या सर्वांहून बोधक आहे तो गीरचाच एक जुना अनुभव. पूर्वी गीरमध्ये प्रवाशांसाठी 'सिंहाचा खेळ' होत असे. म्हणजे म्हशीचे रेडकू किंवा तसले एखादे जनावर बांधून ठेवावयाचे, सिंह तेथे येतो, आणि प्रवासी जवळून पाहतात. हा प्रकार अनेक वर्षे उघडपणे चालला होता आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे. १९८७ च्या सुमारास तो बंद करण्यात आला. त्याच वेळी सौराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. त्याआधी सिंहांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी सातच्या आसपास होते, ते दुष्काळानंतर चाळीसपर्यंत गेले. अभ्यासकांनी याची कारणे शोधली, तेव्हा दुष्काळाबरोबरच या खेळाकडेही बोट दाखविले. माणसाची चाहूल म्हणजे अन्नाची चाहूल, असे ज्या जनावराला वर्षानुवर्षे शिकविले, त्याची माणसाविषयीची भीती मोडली होती. अन्न मिळेनासे झाले, तेव्हा ते वस्तीकडे वळले. खेळ पाहणारा प्रवासी केव्हाच आपल्या शहरात परतला होता. किंमत मोजली ती अरण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाने.

एवढे होऊनही हा खेळ पुरता थांबलेला नाही. २०१८ साली गीरच्या हद्दीत चोरून असाच खेळ झाला. सिंहिणीसमोर जिवंत कोंबडी नाचवीत असल्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. या प्रकरणातील आरोपींना २०२१ साली न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली. जो कोणी 'रात्री चला, खात्रीने सिंह दाखवतो' असे कानात सांगतो, तो बेकायदेशीर धंदा करतो हे प्रवाशाने पक्के समजावे. अशा वेळी स्वस्त किंवा महाग हा प्रश्नच उरत नाही.

त्याच २०१८ साली, पावसाळा सरता सरता, गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले. त्यांतील काहींच्या शरीरात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचे विषाणू सापडले. हाच रोग १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत पसरला होता आणि तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह त्यात गेले होते. सेरेंगेटी विस्तीर्ण, आणि आफ्रिकेत सिंहांची वस्ती अनेक देशांत विखुरलेली, म्हणून तेथे तूट भरून निघाली. आपल्याकडे सर्व सिंह सौराष्ट्रातच. त्यांतील काही मध्य प्रदेशात कुनोला न्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला होता. परंतु कुनोत २०२२ साली सिंहांऐवजी नामिबियातून आणलेले चित्ते उतरले. प्रवाशाच्या हातात यातले काही नाही, हे खरे. पण उपाहारगृहांभोवती साचणारे उष्टे आणि त्यावर जगणारी कुत्री ही प्रवाशांमुळेच वाढतात, आणि गाडीतून फेकलेली खाऊची पिशवीही त्याच मालिकेत बसते.

अरण्यात फिरताना गुराख्यांची वस्ती दिसेल. तिला 'नेस' म्हणतात आणि तेथील पशुपालकांना मालधारी. राष्ट्रीय उद्यान करताना त्यांची शेकडो कुटुंबे बाहेर हलविली गेली. उरलेली म्हशी घेऊन काटेरी कुंपणात राहतात. त्यांची गुरे सिंह नेतो, सरकार भरपाई देते, आणि तरीही ते सिंहाचा उल्लेख आदराने करतात. सासणजवळच्या शिरवण आणि जांबूर या गावांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. संध्याकाळी ढोल बडवून त्यांनी केलेले धमाल नृत्य प्रवासी कौतुकाने पाहतात. सिंहाच्या अखेरच्या आशियाई घराशेजारी आफ्रिकेचे हे वंशज असावेत, हा योग विलक्षणच. वनखात्याने २००७ सालापासून येथे स्त्रियांनाही वनरक्षक म्हणून नेमले. जखमी बछडे उचलण्यापासून रात्रीच्या गस्तीपर्यंत सर्व कामे त्या करतात. घरातल्या मुलींना सिंहाइतक्याच याही दाखवाव्यात.

१६ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत गीरची सफर बंद असते. पावसाने वाटा चिखलमय होतात आणि सिंहांच्या मीलनाचाही तोच काळ मानला जातो. देवळियाचे दार मात्र पावसाळ्यातही उघडे असते. अरण्य पुन्हा उघडते तेव्हा दिवाळी जवळ आलेली असते, आणि उधन्यातील मागांना सुटी मिळते तीही त्याच दिवसांत. गुजरातभर हीच सुटी असल्यामुळे परवान्यांना तेव्हा सर्वाधिक मागणी असते. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी परवाना पुष्कळ आधी काढून ठेवावा, त्यावर प्रत्येकाचे नाव ओळखपत्रात असेल तसेच लिहावे आणि ते मूळ ओळखपत्र बरोबर न्यावे. फाटकावर ते तपासले जाते. कपडे मातकट रंगाचे असावेत, पहाटेच्या फेरीला अंगावर उबदार काही घ्यावे आणि मुलांना जेवू घालूनच गाडीत बसवावे, म्हणजे वाटेत खाऊची पिशवी उघडावी लागत नाही.