चुकीचं बोलणाऱ्याला किती शिक्षा? मुलांशी बोलण्यासाठी एक पाठ



फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर एकच विषय फिरत होता. 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया या प्रसिद्ध पॉडकास्टरने एका स्पर्धकाला आईवडिलांच्या खासगी आयुष्याबद्दल एक अश्लील प्रश्न विचारला. तो प्रश्न इथे लिहिण्याची गरज नाही. पण त्यानंतर जे घडलं, ते शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, म्हणून हा लेख.

"प्राथमिकच्या मुलांना हे कशाला?" असं कुणालाही वाटेल. पण खरं सांगायचं तर विषय आपण वर्गात आणण्याआधीच तो येऊन बसलेला असतो. माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत दोन मुलं याच गोष्टीवर हसत होती आणि तिसरीने मला विचारलं, "मॅडम, त्या माणसाला पोलीस पकडणार का?" मी मुलांना विचारलं, तो कार्यक्रम कुणी पाहिलाय? एकानेही नाही. कुणी बातम्यांत ऐकलं होतं, कुणी काकांच्या फोनवर 'बघा, कशी संस्कृती बुडाली' अशा मथळ्याखाली तीच क्लिप पाहिली होती. म्हणजे मुलांपर्यंत ते वाक्य कार्यक्रमाने पोहोचवलं नाही. ते पोहोचवलं त्याचा निषेध करणाऱ्या मोठ्या माणसांनी. हा मुद्दा आधी लक्षात ठेवूया.

नेमकं काय घडलं?

रणवीरने २०१४ मध्ये 'बिअरबायसेप्स' या नावाने व्यायाम आणि आहाराचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. पुढे मुलाखतींचा 'द रणवीर शो' खूप चालला. खेळाडू, अभिनेते, मंत्री तिथे येऊन गेले. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीत त्याला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय क्रिएटर्स पुरस्कारही मिळाला. त्यानंतर अकरा महिन्यांतच हा प्रकार घडला.

वाद पेटल्यावर १० फेब्रुवारीला त्याने जाहीर माफी मागितली. आपलं बोलणं अयोग्य होतं, त्यात विनोदही नव्हता आणि आपण त्याचं समर्थन करणार नाही, असा त्याचा आशय होता. पण तोवर गाडी पुढे गेली होती. गुवाहाटीत गुन्हा नोंदला गेला, महाराष्ट्र सायबरनेही गुन्हा नोंदवला. केंद्र सरकारच्या सूचनेनंतर यूट्यूबवरचा तो भाग बंद झाला. कार्यक्रमाचा कर्ता समय रैना याने आपल्या चॅनेलवरचे कार्यक्रमाचे सगळेच भाग काढून टाकले. आधीच्या भागांत येऊन गेलेल्या पाहुण्यांनाही जबाबासाठी बोलावणं गेलं.

त्यातच रणवीरने सांगितलं की आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत आहेत आणि काही लोक रुग्ण असल्याचं भासवून आपल्या आईच्या दवाखान्यात शिरले. आता थोडा विचार करा. आईवडिलांचा अपमान झाला म्हणून राग आला आणि तो राग एका आईच्या दवाखान्यात घुसला!

राग येणं चूक होतं का?

मुळीच नाही. हे मुलांनाही स्पष्ट सांगायला हवं. आईवडिलांच्या नात्याबद्दल असं बोलणं घाणेरडंच आहे. "गंमत केली हो" म्हटल्याने ते स्वच्छ होत नाही. लाखो तरुण ज्याला ऐकतात, त्याने तर जास्तच जपून बोलायला हवं. ज्यांनी टीका केली, ज्यांनी त्याला बघणं बंद केलं, त्यांचा तो हक्कच आहे.

अडचण आहे ती वेगळी. राग आला की आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. वर्गात आपण चार खोकी करतो ना, तशी इथेही करूया.

पहिलं खोकं असभ्य बोलण्याचं. हे वाईट आहे, पण प्रत्येक असभ्य वाक्य गुन्हा नसतं. त्यावर उपाय म्हणजे कान उघाडणी, माफी आणि सुधारणा.

दुसरं खोकं गुन्ह्याचं. आपल्या राज्यघटनेचं कलम १९ बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात सभ्यता, नीतिमत्ता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्याने वाजवी बंधनं घालता येतील, असंही म्हटलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर प्रसारित केल्यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण एखादं वाक्य या कलमात बसतं की नाही, हे न्यायालय ठरवतं. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठरवत नाही.

तिसरं खोकं टीकेचं आणि बहिष्काराचं. "मला हे आवडलं नाही, मी बघणार नाही, जाहिरातदारांनीही साथ सोडावी" असं म्हणणं लोकशाहीत चालतं.

चौथं खोकं झुंडीचं. धमक्या, घरच्यांना त्रास, पत्ता शोधून काढणं, तोडफोड. हे कुणाच्याही विरुद्ध केलं तरी चूकच. आधी चूक समोरच्याची होती, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त कुणी भोगलं?

त्या भागात परीक्षकांच्या रांगेत अपूर्वा मखिजा ही तरुणीही होती. तिच्या स्वतःच्या बोलण्यावरही टीका झाली आणि ती होऊ शकते. पण ज्या वाक्यावरून देश पेटला, ते तिचं नव्हतं. तरीही तिला बलात्काराच्या, अ‍ॅसिड हल्ल्याच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. एप्रिलमध्ये परत आल्यावर तिने त्यांतले काही संदेश लोकांसमोर ठेवले. संस्कृती वाचवायला निघालेले लोक एका मुलीला अशी भाषा वापरत होते. आपल्या वर्गातल्या मुली हे सगळं बघत मोठ्या होतात आणि मुलगेही बघतात. मुलगे यातून काय शिकतील, याची मला जास्त काळजी वाटते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं का?

नाही. एक जुनं उदाहरण इंग्लंडचं आहे. रसेल ब्रँड हा तिथला फटकळ विनोदी कलाकार. २००७ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि पुढे तो पॉडकास्टही करू लागला. ऑक्टोबर २००८ मध्ये बीबीसी रेडिओ २ वरच्या आपल्या कार्यक्रमात त्याने आणि जोनाथन रॉस याने ७८ वर्षांचे अभिनेते अँड्र्यू सॅक्स यांच्या फोनवर त्यांच्या नातीबद्दल अश्लील निरोप ठेवले. ते १८ ऑक्टोबरला प्रसारितही झाले. सुरुवातीला त्याविरुद्ध फक्त दोन तक्रारी आल्या. आठवड्याभराने एका वृत्तपत्राने बातमी छापली आणि तक्रारींचा आकडा ४२ हजारांच्या पुढे गेला!

ब्रँडने कार्यक्रम सोडला, रॉसला बारा आठवडे बिनपगारी निलंबित केलं, रेडिओ २ च्या प्रमुखांनी राजीनामा दिला. २००९ मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने बीबीसीला दीड लाख पौंड दंड केला. (ब्रँडवर नंतरच्या काळात झालेले गंभीर आरोप हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळायला नको.)

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, राग येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ कार्यक्रम ऐकलेलाच नसतो. दुसरी, तो कार्यक्रम थेट प्रसारित नव्हता, आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. म्हणजे तो थांबवायला वेळ होता आणि थांबवणारी माणसंही होती. म्हणून दंड संस्थेलाही झाला. आपल्याकडच्या प्रकरणातही हेच विचारायला हवं. वाक्य एकाने उच्चारलं, पण ते चित्रित झाल्यावर संपादन करून प्रसिद्ध करताना कुणालाच थांबावंसं का वाटलं नाही?

शिक्षा कुणी आणि किती ठरवायची?

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रणवीरला अत्यंत कडक शब्दांत सुनावलं आणि त्याच वेळी अटकेपासून तात्पुरतं संरक्षणही दिलं. पासपोर्ट जमा करायचा, तपासाला सहकार्य करायचं आणि पुढील आदेशापर्यंत कार्यक्रम करायचा नाही, अशा अटी घातल्या. धमक्या आल्या तर पोलिसांकडे संरक्षण मागता येईल, हेही सांगितलं. ३ मार्चला सभ्यता पाळण्याच्या हमीवर त्याला पॉडकास्ट पुन्हा सुरू करू दिलं. २८० जणांचं पोट या कामावर अवलंबून आहे, असं त्याच्या बाजूने न्यायालयात मांडलं गेलं होतं.

न्यायालयाने काय केलं ते बघा. "तू चुकलास" असं स्पष्ट सांगितलं आणि "म्हणून तुझ्याशी कुणी काहीही करावं" असं मात्र होऊ दिलं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. वर्गातही आपल्याला हेच करायचं असतं. शिवी देणाऱ्या मुलाला आपण रागावतो, पण सगळ्या वर्गाने त्याला मारावं असं आपण म्हणतो का?

वर्गात काय घेता येईल?

पहिली-दुसरीला हे प्रकरण सांगूच नका. तिथे "कुणी वाईट बोललं तर आपण काय करायचं?" एवढंच पुरे. तिसरीपासून पुढे नाव न घेता एक काल्पनिक प्रसंग फळ्यावर लिहा: 'एका मुलाने स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या आईची टिंगल केली.' मग गटात पाच प्रश्न द्या.

१. तो नेमकं काय बोलला? आपण स्वतः ऐकलं की कुणी सांगितलं?
२. कुणाचं मन दुखावलं? त्याला काय हवं आहे?
३. त्याने माफी कशी मागितली? "सॉरी बाबा" म्हणाला की आपली चूक नीट सांगितली?
४. चुकीएवढीच शिक्षा कोणती? ती कुणी द्यावी?
५. त्याच्या बहिणीला चिडवलं तर ते न्याय्य आहे का?

चौथ्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. सुरुवातीला मुलं "शाळेतून काढा" इथूनच बोलायला लागतात. मग "हीच चूक तुझ्याकडून झाली तर?" असं विचारलं की शिक्षेचं माप हळूहळू योग्य जागी येतं. पाचव्या प्रश्नावर मात्र जवळपास सगळी मुलं एका आवाजात "नाही" म्हणतात. मोठ्यांना जे अवघड जातं, ते त्यांना लगेच कळतं.

पालकांना तीन विनंत्या

एक, निषेधासाठीही अशी क्लिप पुढे पाठवू नका. पाठवणारा प्रत्येक जण तिचा प्रसारक होतो.

दोन, मुलाने विचारलं तर "गप्प बस, घाण विषय आहे" म्हणू नका. तसं म्हटलं तर तो उत्तर दुसरीकडे शोधेल. "तो माणूस आईवडिलांबद्दल लाज वाटेल असं बोलला, ते चूक होतं" एवढं उत्तर दहा वर्षांच्या मुलाला पुरतं.

तीन, टीव्हीसमोर बसून "याला भर चौकात फटकावलं पाहिजे" असं म्हणण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघा. मुलं आपल्या उपदेशापेक्षा आपला राग जास्त लक्षपूर्वक ऐकतात.

उद्या दुसरा कुणी कलाकार काहीतरी बोलेल आणि पुन्हा असंच वादळ उठेल. त्या वेळी आपल्या वर्गातून गेलेलं एखादं मूल चिडेल जरूर, पण बोट स्क्रीनवर ठेवण्याआधी ते पाच प्रश्न स्वतःला विचारेल. एवढं झालं तरी हा पाठ शिकवल्याचं सार्थक झालं.

आपल्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांनी चौथ्या प्रश्नाला काय उत्तरं दिली, ते नक्की कळवा.